३४ जणांचा कराटे क्लब कसा फुटला: नेटवर्क थिअरीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नेटवर्क थिअरी, म्हणजे कोण कुणाशी जोडलंय याचा अभ्यास, शिकायला बसलं की अगदी सुरुवातीलाच एक चित्र समोर येतं, ३४ ठिपके आणि ७८ रेषा, आणि सांगतात की यात दोन गट आहेत, तुमचा अल्गोरिदम चालवून शोधा. बहुतेक जण चालवतात, दोन रंग येतात, खूश होतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. हे चित्र इतकं गुळगुळीत झालंय की २०१३ पासून नेटवर्कवाल्यांच्या परिषदांमध्ये एक गमतीची ट्रॉफी फिरते, जो वक्ता हे उदाहरण सगळ्यात आधी वापरेल त्याला ती मिळते. पण त्या ठिपक्यांमागं खरी माणसं होती, त्यांचं खरं भांडण होतं आणि ते फीवरून होतं, हे फार थोडे जण वाचतात. मला विचाराल तर नेटवर्कचा हिशोब प्रत्यक्ष निर्णयात कुठं कामी येतो आणि कुठं तोंडावर पडतो, हे बघायला याच्याइतकं आटोपशीर प्रकरण दुसरं नाही.

ठिकाण अमेरिकेतलं एक विद्यापीठ, काळ १९७० ते १९७२. वेन झॅकरी हा अभ्यासक त्या काळात एका कराटे क्लबचं जवळून निरीक्षण करत होता आणि १९७७ मध्ये त्यानं त्यावर मानववंशशास्त्राच्या एका जर्नलमध्ये पेपर लिहिला. माणसांची नावं बदललेली आहेत, बाकीच्यांना तर नुसते नंबर दिलेत.

क्लब म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. सभासद ५० ते १०० च्या दरम्यान, कधी वाढायचे कधी गळायचे. कराटेचे क्लास होतेच, शिवाय पार्ट्या, डान्स, जेवणं असं सगळं चालायचं. कागदावर घटना होती, चार पदाधिकारी होते, पण बहुतेक निर्णय मीटिंगमध्ये बसून सगळ्यांच्या संमतीनं व्हायचे. शिकवायला एक पार्ट-टाइम इन्स्ट्रक्टर ठेवलेले, पेपरात त्यांना मिस्टर हाय म्हटलंय, आपण हाय सर म्हणू. अध्यक्षाला जॉन ए. असं नाव दिलंय.

अडचण नेमकी काय होती

झॅकरी आला तेव्हाच ठिणगी पडलेली होती. हाय सरांना फी वाढवायची होती. त्यांचं म्हणणं, शिकवतो मी, तर माझ्या क्लासची फी मीच ठरवणार. जॉनचं म्हणणं, कारभार मी बघतो, फी ठरवायचा अधिकार माझा, आणि ती आहे तेवढीच राहील. म्हणजे वाद पैशाचा कमी आणि अधिकाराचा जास्त होता, आणि तो अधिकार नक्की कुणाचा यावर एकमत नव्हतं. असं भिजत घोंगडं जिथं जिथं पडून राहतं तिथं पुढं काय होतं ते आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या संस्थेत पाहिलंय.

हळूहळू फीचा मुद्दा मागं पडला आणि तत्त्वाची भाषा सुरू झाली. हाय सरांच्या बाजूची मंडळी म्हणायला लागली की सर आम्हाला वडिलांसारखे आहेत, आमचं सगळं बघून झाल्यावर आता स्वतःच्या पोटापाण्यासाठी चार पैसे मागतायत तर त्यात वाईट काय. जॉनच्या बाजूचे म्हणायचे की हा पगारी माणूस आहे आणि दादागिरी करून पगार वाढवून घ्यायला बघतोय. एकाच माणसाबद्दल ही दोन चित्रं, आणि दोन्ही चित्रं रंगवणारे आठवड्यातून कितीतरी वेळा एकाच मॅटवर सराव करायचे.

भांडणाचं मैदान होतं मीटिंग. एखाद्या मीटिंगला ज्या बाजूची मेजॉरिटी जमेल ती बाजू आपल्या सोयीचा ठराव पास करून घ्यायची. मग दुसरी बाजू पुढच्या कुठल्या तरी मीटिंगला आपली माणसं जास्त जमवून तो ठराव रद्द करायची आणि आपला आणायची. असा वचपा काढणं बरंच चाललं. म्हणजे मुद्दा कुणाचा बरोबर यापेक्षा मीटिंग कधी आहे, तिच्यात काय येणार आहे, ही खबर कुणाला वेळेवर पोचली यावर निकाल लागायचा. आणि ही खबर फिरायची मैत्रीच्या वाटांनी.

यातली खरी गंमत पुढं आहे. क्लबमध्ये कुणीही उघडपणे मान्य करत नव्हतं की दोन गट आहेत. गटांना नावं नव्हती, कुणी प्रचार करत नव्हतं, कुणी माणसं फोडायला जात नव्हतं. उलट, आपल्याकडं राजकारण नाही असाच सूर होता. पेचप्रसंग आला की मित्रमंडळींच्या जाळ्यातून गट आपोआप वर यायचे आणि प्रसंग टळला की परत विरघळायचे. त्यामुळं गट कुठला आणि सीमा कुठं, हे कुणाला विचारून कळण्यासारखं नव्हतंच. ते जाळ्यातूनच काढावं लागणार होतं.

जाळं कसं काढलं

झॅकरीनं ठरवलं की क्लासमध्ये शेजारी उभं राहणं ही मैत्री नाही, क्लबच्या बाहेर कोण कुणाला भेटतं ते मोजायचं. त्यासाठी आठ प्रकारचे प्रसंग धरले. विद्यापीठातले लेक्चर आणि त्यांच्या मधला वेळ, हाय सर रात्री शिकवायचे तो खाजगी कराटे स्टुडिओ, शनिवार-रविवारी त्यांचे बरेच समर्थक सरावाला जमायचे तो त्यांचा स्टुडिओ, रात्रीच्या स्टुडिओत विद्यार्थी-शिक्षक म्हणून शिकवणं, विद्यापीठाच्या तळघरातला बार (क्लबची सरावाची जागा त्याच तळघरात होती), कॅम्पससमोरचा विद्यार्थ्यांचा बार, खुल्या कराटे स्पर्धा आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा. दोन माणसं यातल्या जितक्या ठिकाणी भेटतात तितकं त्यांच्या लिंकचं वजन. असं केल्यावर ३४ माणसं जाळ्यात आली. हाय सर १ नंबर, जॉन ३४ नंबर.

इथं थोडं थांबायला पाहिजे, कारण पुढचा सगळा हिशोब या आठ गोष्टींवर उभा आहे. आठपैकी तीन जागा सरळ सरळ हाय सरांच्या शिकवण्याशी बांधलेल्या आहेत. म्हणजे जो विद्यार्थी सरांच्या स्टुडिओत पण जातो त्याची त्यांच्याशी लिंक जाड होणारच. हा मापनातला दोष म्हणायचा की वस्तुस्थितीच तशी होती म्हणायची? माझं मत दुसऱ्याकडं झुकतं. सरांची ताकद खरोखरच क्लबच्या बाहेर होती, त्यांच्याकडं स्वतःच्या शिकवणीची जागा होती, आणि अध्यक्षाकडं अध्यक्षपद होतं.

अजून एक बारीक गोष्ट. पेपरातल्या तक्त्यात २३ आणि ३४ या दोघांची लिंक एका बाजूनं दाखवलीय आणि दुसऱ्या बाजूनं नाही, त्यामुळं काही जण ७७ रेषा धरतात आणि काही ७८. निष्कर्ष बदलत नाही, पण कुणी ७७ म्हणालं तर त्याच्याशी भांडू नका.

जाळ्यात काय दिसतं

पहिल्यांदा सगळे लिंक मोजतात. जॉनच्या १७, हाय सरांच्या १६. म्हणजे तुल्यबळ, किंबहुना जॉन जरा वरचढ. नुसतं एवढं बघून कुणीही म्हणेल की अध्यक्षाचं पारडं जड आहे.

आता दुसरा प्रश्न विचारा. कुठल्याही दोन माणसांमधला सगळ्यात जवळचा रस्ता किती वेळा कुणावरून जातो? याला बिट्वीननेस म्हणतात. यात हाय सर सरळ पुढं जातात, साधारण ०.४४, म्हणजे शंभरातले ४४ रस्ते त्यांच्यावरून, आणि जॉन ०.३० वर राहतो. लिंक कमी पण रस्ता त्याच्यावरूनच, असा प्रकार विमानतळांमध्येही सापडलाय. २००५ मध्ये जगभरच्या विमानतळांच्या जाळ्याचा अभ्यास झाला त्यात अलास्कामधलं अँकरेज असंच वर आलं होतं, थेट जोडलेली शहरं थोडी पण आतल्या भागाला बाकी जगाशी जोडणारं दार तेच.

हाय सरांचं तसं का झालं ते रेषा बोटानं फिरवून बघितल्या की कळतं. ५, ६, ७, ११ आणि १७ या पाच जणांचं आपापसात छान जमतं, पण त्या पाचांपैकी एकाचीही बाहेरच्या कुणाशी लिंक नाही, हाय सर सोडून. १७ नंबरची तर सरांशीही थेट लिंक नाही, तो ६ आणि ७ मार्फत जोडलाय. शिवाय १२ नंबर, त्याची आख्ख्या जाळ्यात एकच लिंक, ती पण सरांशी. म्हणजे हाय सरांचा ठिपका पुसला की जाळ्याचे तीन तुकडे होतात, पाच जणांचा एक, १२ नंबर एकटा, आणि बाकीचे.

आता जॉनचा ठिपका पुसून बघा. काहीच तुटत नाही. कारण त्याच्याच बाजूला ३३ नंबर बसलाय, त्याच्या १२ लिंक आहेत, त्यातली एक खुद्द जॉनशी आणि उरलेल्या ११ पैकी १० माणसं जॉनच्याही ओळखीची. १५, १६, १९, २१, २३ यांना तर फक्त ३३ आणि ३४ हेच दोघं माहीत, एक गेला तरी दुसरा आहे. एका बाजूला पर्यायी रस्ता आहे, दुसऱ्या बाजूला नाही. या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, आणि १७ विरुद्ध १६ या आकड्यात ती अजिबात दिसत नाही.

तिसरी गोष्ट, हाय सर आणि जॉन यांच्यात थेट लिंकच नाही. क्लबबाहेर दोघं एकमेकांना कुठंही भेटत नव्हते. दोघांच्याही ओळखीचे असे चारच जण, ९, १४, २० आणि ३२. आणि ३ नंबर, त्याच्या १० लिंक, सरांशी थेट, जॉनशी नाही पण ३३ शी आहे.

कोणते पर्याय होते

हे पर्याय क्लबच्या लोकांनी कागदावर मांडले होते असं नाही, जाळं समोर ठेवून मी मांडतोय. अधिकार कुणाचा याचा निकाल लावणं हा पहिला रस्ता, घटनेत एक कलम घालायचं, फी कोण आणि कशी ठरवणार. सगळ्यात स्वस्त उपाय, पण सुरुवातीलाच करायचा. एकदा लोक वडिलांसारखे सर आणि पगारी माणूस या भाषेत बोलायला लागले की कलमानं काही होत नाही.

दुसरा रस्ता खबर फिरण्याचा. मीटिंगची सूचना अमुक दिवस आधी सगळ्यांना लेखी, कोरम इतका, आणि एकदा झालेला ठराव इतक्या काळात रद्द करता येणार नाही, असा नियम. नेटवर्कच्या भाषेत याचा अर्थ असा की मैत्रीच्या जाळ्यावर एक जास्तीचा ठिपका आणून बसवायचा ज्याची सगळ्यांशी सारखी लिंक आहे, म्हणजे नोटीस बोर्ड. मग खबर कुणाकडं अडकून राहण्याचा प्रश्नच उरत नाही आणि माणसं जमवून मीटिंग खिशात घालायचा खेळ अवघड होतो.

मधल्या चौघांना, आणि ३ नंबरला धरून पाच जणांना, बसवून तडजोड काढणं हा तिसरा. मोहाचा पर्याय आहे पण सावध राहायला लागतं, कारण दोन्हीकडं ओळख असणं म्हणजे दोन्हीकडं वजन असणं नव्हे. १४ नंबर बघा, त्याच्या पाच लिंक, त्यातल्या चार सरांच्या बाजूला आणि उरलेली एक खुद्द जॉनशी. असा माणूस मध्यस्थ म्हणून कागदावर छान दिसतो, प्रत्यक्षात तो कुणाच्या बाजूचा हे जॉनला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. ९ नंबर त्या मानानं बरा, पाच लिंक, त्यातल्या तीन जॉनच्या, म्हणजे पदाधिकाऱ्यांच्या, बाजूला आणि दोन सरांच्या.

आणि शेवटचा, दोघांपैकी एकानं बाजूला होणं. सरांना काढायचं किंवा अध्यक्ष बदलायचा. क्लब टिकवायचा एवढाच हेतू असता तर जाळं स्पष्ट सांगतं की अध्यक्ष बदलणं कमी खर्चाचं. वीज पुरवठ्याच्या ग्रिडमध्ये इंजिनियर हीच तपासणी रोजची म्हणून करतात, एखादी लाइन किंवा एखादा जनरेटर बंद पडला तरी बाकी यंत्रणा उभी राहिली पाहिजे, त्याला एन-वजा-एक म्हणतात. हाय सर हा ठिपका या परीक्षेत नापास होतो, जॉन पास होतो. अर्थात कुठला अध्यक्ष स्वतःहून म्हणेल की मी जातो, मी गेलो तर काही बिघडत नाही?

काय केलं गेलं

खटके वाढत गेले आणि शेवटी जॉनच्या पुढाकारानं पदाधिकाऱ्यांनी हाय सरांना काढून टाकलं. कारण दिलं की ते परस्पर फी वाढवायला बघत होते. कारभाराच्या नियमानं बघितलं तर यात चूक काढता येत नाही, नेमणूक क्लबची, काढायचा अधिकार क्लबचा. पण पदाधिकाऱ्यांनी आपल्याच जाळ्यातला असा सांधा काढला जो निघाला की सहा माणसं आपोआप सुटी होतात, ती माणसं सरांच्या मताची होती की नव्हती हा नंतरचा प्रश्न. ५, ६, ७, ११, १२, १७ यांनी जुन्या क्लबमध्ये राहायचं म्हटलं तरी राहायचं कुणासाठी, त्यांचं तिथं क्लबबाहेरच्या ओळखीचं दुसरं कुणीच नव्हतं.

निकाल

सरांच्या बाजूच्या लोकांनी राजीनामे दिले आणि सरांना पुढं करून वेगळी संघटना काढली. क्लब फुटला. जाळ्यातल्या ३४ जणांपैकी १७ इकडं, १७ तिकडं. ७८ रेषांपैकी फक्त ११ रेषा या फटीवरून आरपार जात होत्या, बाकीच्या सगळ्या आपापल्या बाजूला. आणि मधल्या चौघांचं? ९, १४, २० सरांबरोबर गेले, ३२ पदाधिकाऱ्यांबरोबर राहिला. ३ नंबरही सरांबरोबर.

झॅकरीनं मग विचारलं की फूट नेमकी इथूनच पडणार हे जाळ्यावरून सांगता आलं असतं का. त्यानं हाय सरांना उगम धरलं, जॉनला शेवट धरलं, प्रत्येक लिंकचं वजन म्हणजे तिच्यातून किती खबर वाहू शकते असं मानलं आणि फोर्ड-फल्करसनची पद्धत लावली. कल्पना सोपी आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जास्तीत जास्त किती वाहू शकतं ते काढायचं, आणि जिथं वाहणं सगळ्यात आधी अडतं तिथं जाळ्याची सगळ्यात कमजोर चीर असते. हे गणित मुळात रेल्वेचं आहे. १९५५ च्या एका गुप्त अमेरिकन लष्करी अहवालात सोव्हिएत रेल्वेचं जाळं पूर्व युरोपाकडं किती माल नेऊ शकतं आणि कमीत कमी किती ठिकाणी तोडलं तर ते बंद पडेल, हा प्रश्न होता, तो अहवाल १९९९ मध्ये खुला झाला. रेल्वे तोडायचं गणित आणि कराटे क्लब फुटायचं गणित एकच निघावं, याचं मला दरवेळी हसू येतं.

तर उत्तर आलं, ३४ पैकी ३३ जण बरोबर. कोण कुणाच्या विचाराचा आहे हे कुणालाच न विचारता, नुसतं कोण कुणाबरोबर बारमध्ये बसतं आणि स्पर्धेला जातं यावरून.

इथं लगेच टाळ्या वाजवू नयेत. एक तर हे भाकीत फूट पडून गेल्यावर केलेलं आहे. दुसरं, दोन टोकं कुठली हे त्यानं स्वतः दिलं, ते जाळ्यानं सांगितलं नाही. भांडण सर आणि अध्यक्ष यांच्यात आहे हे ज्याला माहीत आहे त्याचं अर्धं काम तिथंच झालं. आणि हा एकच क्लब आहे. अशा किती गटांमध्ये कमजोर चीर असूनही काहीच फुटत नाही, ते कुणी मोजायला बसत नाही.

पुढं लोकांनी टोकं न देता करून बघितलं. २००२ मध्ये गर्व्हन आणि न्यूमन यांनी दुसरी पद्धत काढली, ज्या रेषांवरून सगळ्यात जास्त रस्ते जातात त्या एकेक करून तोडत जायचं. क्लब दोन भागांत फुटला, पण ३ नंबर चुकीच्या बाजूला गेला. त्याच्या १० लिंकपैकी ४ पदाधिकाऱ्यांकडच्या, आणि या पद्धतीत वजन धरलेलंच नव्हतं, बऱ्याच ठिकाणी भेटणारा आणि एकाच ठिकाणी भेटणारा सारखाच. अजून एक, मॉड्युलॅरिटी नावाचं माप (गटांच्या आतल्या रेषा अपेक्षेपेक्षा किती जास्त ते) वापरून सर्वात चांगली विभागणी शोधली तर गट दोन येतच नाहीत, चार येतात, आणि त्यातला एक म्हणजे तेच ५, ६, ७, ११, १७. गणिताच्या दृष्टीनं बरोबरच आहे, ते पाच जण वेगळे आहेतच. पण भांडण दोन बाजूंचं होतं, त्यांना तिसरा क्लब काढायचा नव्हता. म्हणून कुणी आपल्या ऑफिसचं जाळं काढून सॉफ्टवेअरनं दिलेले रंग बघत असेल तर आधी विचारावं की आपण शोधतोय काय, मित्रांची टोळकी की भांडणाची सीमा. दोन्ही एकच असतात असं नाही.

९ नंबर

जो एक जण चुकला तो ९ नंबर. त्याचा कल थोडासा का होईना जॉनकडं होता, हिशोबानं पण त्याला पदाधिकाऱ्यांच्या बाजूलाच टाकलं, लिंकही तिकडं तीन आणि इकडं दोन. मग तो सरांबरोबर का गेला?

क्लब फुटला तेव्हा त्याच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. आणि पदाधिकाऱ्यांनी ठरवलं होतं की आपल्या क्लबमध्ये आता कराटेची शैलीच बदलायची. म्हणजे तिकडं गेला असता तर आत्तापर्यंतचा दर्जा सोडून नव्या शैलीत पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात. चार वर्षं त्यानं सरांच्या शैलीत घातली होती. कोण सोडेल?

जाळ्यात हे कुठंच नव्हतं, कारण बारमधल्या भेटी मोजून बेल्ट कळत नाही. नेटवर्कवर काम करणारे बरेचदा ९ नंबरला नुसती एरर म्हणून सोडून देतात, मला तो या प्रकरणातला सगळ्यात शहाणा साक्षीदार वाटतो. लिंक सांगतात की माणसापर्यंत गोष्ट पोचेल का. ती पोचल्यावर तो काय करेल हे त्याचं काय पणाला लागलंय त्यावर ठरतं, आणि ते वेगळं विचारावं लागतं.

हा फरक बाकी ठिकाणीही आडवा येतो. होंडुरासमध्ये ३२ गावांत आरोग्याच्या दोन गोष्टी पसरवायचा प्रयोग झाला, २०१५ मध्ये त्याचे निकाल आले. कुणालाही सहज निवडायचं, त्याला एक मित्र सांगायला सांगायचं आणि सुरुवात त्या मित्रापासून करायची. युक्ती अशी की तुम्ही सांगितलेला मित्र सरासरीनं तुमच्यापेक्षा जास्त ओळखीचा निघतो, हे १९९१ मध्ये दाखवलं गेलंय, आणि त्यासाठी आख्खं जाळं काढायला लागत नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या बाबतीत याचा फायदा दिसला, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या बाबतीत तसा स्पष्ट दिसला नाही. गावं त्याच भागातली, युक्ती तीच, आणि तरी वस्तू बदलली की निकाल बदलला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते निर्णायक क्षण तीन होते आणि तिन्ही वेळी पदाधिकाऱ्यांच्या हातात काहीतरी होतं.

पहिला, ठराव पास आणि ठराव रद्द हा खेळ सुरू झाला तो. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हाच मीटिंगच्या सूचनेचा आणि कोरमचा नियम आणायला हवा होता. हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच नको असणार, कारण जिंकायची संधी दोघांनाही दिसत होती, म्हणून तो कुणी आणला नसावा. तरीही मी सगळ्यात जास्त पैज इथंच लावीन. मैत्री बदलता येत नाही, खबर कुठल्या वाटेनं जाईल ते बदलता येतं.

दुसरा, सरांना काढायचा. काढायचंच होतं तर आधी त्या पाच जणांच्या टोळक्याशी आणि १२ नंबरशी कुणीतरी स्वतःहून ओळख करायला हवी होती, ३३ नंबरसारखा एखादा दुसरा रस्ता तिकडंही तयार करायला हवा होता, एखाद्यानं तळघरातल्या बारमध्ये त्यांच्या टेबलावर जाऊन बसलं असतं तरी एक रेषा वाढली असती. हे पटकन होत नाही आणि ऐन भांडणात केलं तर माणसं फोडायला आलात असंच वाटतं. म्हणूनच ते शांततेच्या दिवसांत करायचं काम आहे, तेव्हा कुणाला सुचत नाही. कंपन्यांमध्ये एखादा जुना माणूस सोडून जातो आणि मग दोन डिपार्टमेंटचं बोलणंच बंद पडतं, तिथं पण हीच गोष्ट घडलेली असते, त्याच्या हुद्द्यावरून कुणाला अंदाज आलेला नसतो.

तिसरा क्षण फुटीच्या वेळचा, शैली बदलायचा. हा निर्णय मला सगळ्यात अनाकलनीय वाटतो. सरांशी संबंध तोडायचा म्हणून त्यांची शैलीही नको, ही भावना समजू शकतो, पण कुंपणावर बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगून टाकलं की इकडं याल तर आत्तापर्यंतची कमाई शून्य. जितका वरचा बेल्ट तितकं नुकसान जास्त, म्हणजे अनुभवी माणसांनाच दार बंद. जुने पट्टे काही काळ तरी चालतील, किंवा राहिलेली परीक्षा जुन्या शैलीत देता येईल आणि बाहेरचा परीक्षक बोलावू, एवढा ठराव केला असता तर खर्च काहीच नव्हता. ९ नंबरच्या पाचपैकी तीन लिंक त्याच बाजूला होत्या आणि मनही थोडं तिकडंच होतं, अडत होतं ते तीन आठवड्यांवर आलेल्या परीक्षेपाशी.